हुशार मुलाची बाजू कोणी मांडायची?

(प्राथमिक शिक्षक, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सभासद यांच्या तालुका मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



माहिती अधिकाऱ्याला शैक्षणिक मेळाव्याचे निमंत्रण येते ते बहुधा वृत्तांतासाठी, भाषणासाठी क्वचितच. मी कला शाखेचा पदवीधर आहे. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु नोकरीच्या निमित्ताने वाड्या-वस्त्यांवरील पुष्कळ शाळा पाहण्याचा योग मला आला, आणि शाळांसंबंधी निघणारी परिपत्रके, अहवाल व योजनांच्या पुस्तिका वाचणे हा तर माझ्या कामाचाच भाग आहे. या दोन्हींच्या आधारे मी आज एका मुलाविषयी बोलणार आहे. आपल्या बैठकांतून त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. हे मूल अभ्यासात मागे नाही. ते पुढे आहे, आणि पुढे आहे म्हणूनच आपल्या नजरेतून निसटते.

मागे पडलेल्या मुलाची नोंद होते, आणि ती झालीच पाहिजे. २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम असो वा २०२१ मध्ये सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान असो, प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि हिशेब करता यावा या हेतूबद्दल कोणाचेही दुमत असणार नाही. मात्र मी पाहिलेल्या माहितीच्या तक्त्यांत मागे राहिलेल्यांसाठी रकाने होते. इयत्तेच्या पुढे गेलेल्यांसाठी एकही रकाना मला आढळला नाही. रकाने भरण्यात ज्याची निम्मी नोकरी गेली आहे अशा माणसाला याचा अर्थ चटकन कळतो. ज्याला रकाना नाही त्याच्याविषयी वरून कोणी विचारीत नाही, आणि वरून जे विचारले जात नाही ते खाली सहसा घडत नाही.

यावर सर्वत्र मिळणारे उत्तर एकच: ‘हुशार मूल काय, आपोआप शिकते. त्याची काळजी करण्याचे कारण नाही.’ हे उत्तर मला मान्य नाही. दुसरीतले एखादे मूल चौथीचे पुस्तक वाचून बसलेले असते. त्याला वर्षभर दुसरीचेच धडे पुन्हा पुन्हा गिरवावे लागतात. पहिले काही दिवस ते उत्साहाने हात वर करते. ‘तुला येते ते ठाऊक आहे, खाली बस,’ असे त्याला सांगण्यात येते. मग ते हात वर करणे सोडते. काही मुले खिडकीबाहेर पाहू लागतात, काही शेजारच्याच्या खोड्या काढतात, तर काही मुद्दाम चुकीची उत्तरे लिहितात. कारण सगळी उत्तरे बरोबर आली की मधल्या सुट्टीत ‘शहाणा’ म्हणून चिडवले जाते. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण आपण मोठ्या माणसांसाठी राखून ठेवली असती तर बरे झाले असते; ती आपण आठ वर्षांच्या मुलालाही ऐकवतो. कष्ट करून शिकावे लागते याचा अनुभवच ज्याला प्राथमिक शाळेत येत नाही, ते मूल पुढे पहिल्यांदा अवघड गणित समोर आले की हबकते. पाचवीपर्यंत पहिला आणि आठवीत नापसंत, अशी मुले आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने पाहिली असतील. आपोआप शिकण्याची ही परिणती आहे.

आता असे मूल ओळखावे कसे? दुसरी एक म्हण आपल्याकडे फार प्रिय आहे: मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. पाळण्यात दिसत असतील. वर्गात मात्र ते पुष्कळदा दिसत नाहीत, कारण आपण पाय पाहण्याऐवजी पायातील बूट पाहतो. स्वच्छ गणवेश, वळणदार अक्षर, प्रमाण भाषेतील उत्तर आणि पहिल्या बाकावरची जागा, यांना आपण नकळत हुशारी म्हणतो. ज्याच्या घरी अहिराणी, पावरी किंवा गोंडी बोलली जाते ते मूल पुस्तकी मराठीत अडखळते आणि मंद ठरते. तेच मूल बाजारात बापाच्या शेजारी बसून तोंडी हिशेब चुटकीसरशी करीत असते, पण तो हिशेब शाळेच्या दप्तरात येत नाही. बुद्धिमापनाच्या कसोट्या आहेत. बिने यांची कसोटी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार झाली आणि वि. वि. कामत यांनी पुढे ती मराठी व कन्नड मुलांसाठी बेतून घेतली. पण प्रत्येक वस्तीशाळेत कसोटी घेणारा मानसशास्त्रज्ञ पोहोचणे शक्य नाही. शिक्षकाची नजर हेच आपल्याकडचे उपकरण आहे. ते वरचेवर पुसून घ्यावे लागते, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या समाजातील मुलींना अक्षर शिकता येईल असेही त्या काळी कोणास वाटत नव्हते, त्या समाजातील ती मुलगी होती. तिच्या ठिकाणची बुद्धी त्या शाळेने निर्माण केली असे मी म्हणणार नाही. तिला लिहू दिले, आणि लिहिलेले चार लोकांपुढे जाऊ दिले, हे शाळेचे काम होते आणि ते शाळेने केले.

हुशारी सर्व विषयांत सारखी असते हाही एक गैरसमज आहे. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या शाळेत गणितात चमकले, शिष्यवृत्ती घेऊन महाविद्यालयात गेले आणि गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने तेथे नापास होऊन ती शिष्यवृत्ती गमावून बसले. आपल्या एखाद्या शाळेत असा मुलगा असेल तर त्याच्या प्रगतिपुस्तकात सरासरी श्रेणीच दिसेल. एखाद्याला वाचायला अडचण असते, अक्षरे उलटसुलट दिसतात, आणि तरीही यंत्राची रचना तो एका दृष्टिक्षेपात समजतो. अशा मुलाची अडचणही नोंदली जात नाही आणि बुद्धीही नाही. दोन्ही एकमेकींना झाकून टाकतात.

शिक्षक बंधूंच्या मनातील प्रश्न मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. साठपर्यंत पटाची शाळा, शिक्षक दोन, इयत्ता चार किंवा पाच. पंधरा मुलांना परिच्छेद वाचता येत नाही. त्यात एकट्या हुशार मुलासाठी वेळ आणावा कोठून? प्रश्न रास्त आहे. त्या पंधरा मुलांचा वेळ काढून या एकाला द्यावा असे मी मुळीच सुचवीत नाही. तसे झाले तर तो अन्याय होईल, आणि गरिबांच्या शाळेत तो अधिकच मोठा अन्याय होईल. पण या मुलाला शिक्षकाच्या वेळापेक्षा शिक्षकाची परवानगी अधिक हवी असते. पुढचे पुस्तक उघडण्याची परवानगी, आलेले गणित दहा वेळा न करण्याची परवानगी, आणि ज्याचे उत्तर गुरुजींनाही ठाऊक नाही असा प्रश्न विचारण्याची परवानगी.

द्विशिक्षकी शाळेला आपण नेहमी उणेपणाच्या दृष्टीने पाहतो. या एका बाबतीत मात्र ती शहरातील मोठ्या शाळेच्या पुढे आहे. तेथे दुसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. दुसरीतल्या मुलाने आपली पाटी पूर्ण केली की त्याचे कान चौथीच्या धड्याकडे लागलेले असतात. त्याला ‘तुझे काम कर’ असे दटावण्याऐवजी गणिताच्या तासापुरते चौथीच्या ओळीत बसू द्यावे. त्यासाठी कोणत्याही आदेशाची गरज नाही. पूर्वी अशा मुलाला एकदम वरच्या इयत्तेत घालीत असत. आजच्या कायद्याचा कल वयानुरूप वर्गाकडे आहे आणि तो मला योग्य वाटतो, कारण बुद्धीने दहा वर्षांचे असलेले मूल खेळात आणि रुसण्यात आठ वर्षांचेच असते. नाव दुसरीत राहो, एका विषयापुरते बसणे चौथीत होवो.

हुशार मुलाला मदतनीस करून टाकणे हा आणखी एक प्रघात. इतरांच्या पाट्या तपासणे, कविता सांगणे, वर्ग सांभाळणे. थोडा वेळ हे चांगलेच आहे. दुसऱ्याला शिकवताना स्वतःची समज पक्की होते. पण दिवसभर तेच चालले तर शाळेला एक बिनपगारी शिक्षक मिळाला आणि मुलाची शाळा मात्र बुडाली, असा त्याचा हिशेब होतो.

काही महिन्यांपूर्वी एका शाळेत मी पाहिलेला प्रकार सांगतो. चौथीतला एक मुलगा वजाबाकीच्या तासाला वर्ग विस्कटून टाकीत असे. त्याच्या गुरुजींनी त्याला फळ्याजवळ बोलावले आणि सांगितले, चार अंकी कोणतीही संख्या घे. चारही अंक सारखे मात्र नकोत. मुलाने घेतली १९८५. आता हे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांड, मग लहानाकडून मोठ्याकडे मांड, आणि मोठीतून लहान वजा कर. ९८५१ मधून १५८९ गेले, राहिले ८२६२. या उत्तराचे पुन्हा तेच. ८६२२ मधून २२६८ गेले, राहिले ६३५४. मग ३०८७. मग, शून्य सांभाळून, ८७३० मधून ०३७८ गेले, राहिले ८३५२. त्यानंतर ८५३२ मधून २३५८ वजा केले तेव्हा उत्तर आले ६१७४. ‘पुढे कर,’ गुरुजी म्हणाले. ७६४१ वजा १४६७ – पुन्हा ६१७४! मुलगा थबकला. त्याने दुसरी संख्या घेतली, तिसरी घेतली. फार तर सात वजाबाक्यांत दर वेळी तीच संख्या येऊन उभी राहते.

हे गणित शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेतील शिक्षक होते. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. कोणतेही मोठे पद त्यांच्यापाशी नव्हते. १९४९ मध्ये त्यांनी हा शोध गणितज्ञांपुढे मांडला, आणि १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाला त्यांचे नाव कळले. आज ६१७४ ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रातील शालेय शिक्षकाने महाराष्ट्रातील शाळांना दिलेले असे साहित्य आपल्यापाशी असताना हुशार मुलासाठी महागडे संच विकत घेण्याच्या चर्चा आपण कशाला कराव्यात, हे मला समजलेले नाही.

पण खरी गोष्ट पुढची आहे. तासाच्या शेवटी तो मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, तीन आकड्यांचं बी असंच होतंय का?’ गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि सरळ सांगितले, ‘मला माहीत नाही. तूच करून बघ आणि उद्या मला सांग.’ दुसऱ्या दिवशी वहीची चार पाने भरून तो आला. तीन अंकी संख्या ४९५ वर येऊन थांबते, हे त्याने स्वतः शोधून काढले होते. आणि तक्रारही आणली होती: ‘दोन आकड्यांचं काही थांबतच न्हाई, नुसतं गोल फिरतंय.’ ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. तक्रार अगदी बरोबर होती. त्या चार पानांत वजाबाकीची शंभरावर उदाहरणे झाली होती. नेहमीच्या पद्धतीने दिली असती तर त्याने त्यातली पाचही केली नसती. गुरुजींचा वेळ किती गेला? मी घड्याळ पाहिले नव्हते, पण दहा मिनिटांहून अधिक नक्कीच नाही. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मुलांपुढे उच्चारायला शिक्षकाला जे बळ लागते ते त्या गुरुजींपाशी होते, आणि त्या तासाचे सारे यश त्यात होते असे मला वाटते.

हे सगळे शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेले आहे, असे मात्र कोणी समजू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील पट, उपस्थिती, प्रवेश ही कलमे आपल्याला पाठ आहेत. कलम २४ सहसा शिक्षकांच्या वक्तशीरपणासाठी वाचले जाते. त्याच कलमात प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पारखून त्याला आवश्यक तेथे जादा अध्यापन द्यावे, हेही शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. तेथे ‘प्रत्येक’ हा शब्द आहे. केवळ मागे पडलेल्या बालकाचा तेथे उल्लेख नाही. कलम २९ मध्ये बालकाचे ज्ञान, सुप्त सामर्थ्य आणि प्रतिभा यांची वाढ हे अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट ठरवले आहे, आणि शारीरिक व मानसिक क्षमतांचा पूर्णांशाने विकास अपेक्षिला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांना साहाय्य करण्यासंबंधी स्वतंत्र परिच्छेद दिले आहेत. वर्गातील शिक्षकाने अशा मुलांना पूरक साहित्य आणि प्रोत्साहन द्यावे, शाळा, शाळासमूह व जिल्हा या पातळ्यांवर विषयवार मंडळे निघावीत, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा हुशार मुलाचा विचार करणे म्हणजे त्याचे लाड करणे, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. कायद्याने सांगितलेले ते काम आहे.

येथे कोणी म्हणेल, शासनाने या मुलांसाठी काही केले नाही काय? केले आहे, आणि ते सांगणे माझ्या पदाचे कामच आहे. ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी महाराष्ट्राने १९६० च्या दशकातच शासकीय विद्यानिकेतने काढली. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा शास्त्रशुद्ध प्रयोग आरंभला. १९८५-८६ मध्ये देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली, त्यांतील एक आपल्या अमरावतीला. दुसरे हरियाणात झज्जर येथे. नवोदयात किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. २००८ पासून आठवीसाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा तर आपल्या गावागावांत उत्सवासारखी साजरी होते.

पण या साऱ्यांची वेळ पाहा. नवोदयाचे दार सहावीत उघडते, आणि एका विद्यालयात प्रवेश फार तर ऐंशी मुलांना. राष्ट्रीय शिष्यवृत्तीचा पहिला रुपया नववीत हाती येतो. पहिलीपासून पाचवीपर्यंतची पाच वर्षे या मुलाला जी काही शाळा मिळते ती गावातलीच, आपलीच. त्या पाच वर्षांत विझलेला दिवा सहावीत घासलेट ओतून पेटवता येत नाही. शिवाय परीक्षेची तयारी म्हणजे बुद्धीची मशागत, हे समीकरणही तपासून घ्यायला हवे. मार्गदर्शिकेतील पाचशे प्रश्नांचे पर्याय पाठ करून घेणे याला मी शिक्षण म्हणणार नाही. त्यापुढचा सत्कारही आपल्या परिचयाचा आहे: मुलाला शाल-श्रीफळ, मान्यवरांची सात भाषणे, आणि ज्याने बक्षीस मिळवले ते मूल दोन तास उन्हात बसून. त्या मुलाला एक वाक्य बोलू दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सत्काराच्या बातम्या आमच्याच कार्यालयातून जातात, म्हणून हे खात्रीने सांगतो.

यापेक्षा कठीण प्रश्न आहे तो मुलाची बाजू मांडण्याचा. शहरातील सुशिक्षित आईबाप शाळेत जातात, मुख्याध्यापकांना भेटतात, ‘माझ्या मुलाला अधिक काम द्या’ असे सांगू शकतात. आपल्या शाळांतील बहुतेक पालकांना शाळेतून बोलावणे आले की पोराने काहीतरी आगळीक केली असे वाटते. एका गावी चौथीतल्या मुलीची आई मला शाळेच्या आवारात भेटली. मी शिक्षण खात्याचा साहेब आहे असा तिचा समज झाला होता. ती म्हणाली, ‘साहेब, पोरगी लई प्रश्न विचारती. घरी बी, शाळेत बी. तिला काय औषध हाय का?’ मुलगी सातवीची पुस्तके वाचून संपवीत होती, आणि आई तिच्यासाठी औषध शोधीत होती. या माउलीने मुलीची वकिली कशी करावी?

त्या मुलीचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कोयता, भांडी आणि मुलेबाळे गाडीत, आणि उन्हाळा लागला की परत. नवोदयाच्या ग्रामीण जागांसाठी तिसरी, चौथी व पाचवी ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात, पाचवी त्याच जिल्ह्यात शिकावी लागते, आणि निवड परीक्षा अलीकडे ऐन हिवाळ्यात, म्हणजे गळीत हंगामातच येते. गुणवत्तेची ही शिडी नेमकी तिच्या पायाखालूनच काढून घेतली जाते, आणि तशी ती काढावी असे कोणाच्या मनातही नसते.

त्या गावात जे घडले ते शाळा व्यवस्थापन समितीमुळे. समितीत एक शेतमजूर भगिनी सभासद होत्या. शिक्षण जेमतेम तिसरी-चौथी. सप्टेंबरच्या बैठकीत हंगामी वसतिगृहाच्या यादीचा विषय निघाला तेव्हा त्या उठून म्हणाल्या, ‘ही पोरगी गेली तर ज्ञान गेलं आपल्या गावातनं. तिला आजीपाशी ठिवा, जेवणाचं शाळेनं बघावं, आन् तिला म्होरली पुस्तकं द्या. हे लिवून घ्या.’ ‘लिहून घ्या’ हा त्यांचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटला. तोंडी सहानुभूती पुष्कळांनी दाखवली होती. कागदावर आल्यावर मुख्याध्यापकांना यादी पाठवावी लागली, केंद्रप्रमुखांना विचारणा करावी लागली, आणि मुलीच्या बापालाही गावापुढे शब्द द्यावा लागला. मुलगी त्या हंगामात राहिली. पुढच्या हंगामाचे अजून ठरलेले नाही. मुकादमाची उचल, धाकट्या भावाला सांभाळायला लागणारे हात, असे प्रश्न अजून तसेच आहेत.

या उदाहरणावरून मला समितीच्या सभासदांना, विशेषतः भगिनींना, काही सांगावयाचे आहे. कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. ही समिती केवळ पोषण आहाराच्या तांदळाची गोणी मोजण्यासाठी नाही. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम तिचे आहे. त्या आराखड्यात संरक्षक भिंत, शौचालय, रंगरंगोटी हे सगळे येते. त्याच आराखड्यात ‘इयत्तेच्या पुढे असलेल्या मुलांसाठी’ एक परिच्छेद लिहिण्यास कोणाचीही आडकाठी नाही. आपल्या मुलाची बाजू मांडायला आईबापांना संकोच वाटतो. आपल्या मुलाची बढाई मारल्यासारखे होते. म्हणून ती दुसऱ्याने मांडावी. आणि मांडताना शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ‘आमच्या पोराकडे तुम्ही लक्ष देत नाही’ या वाक्याने दार बंद होते. ‘तो घरी अमुक अमुक वाचतो, अमुक विचारतो; शाळेत तसे दिसते का?’ असे विचारले तर संभाषण सुरू होते. मुलाने घरी काढलेले चित्र, सोडवलेले कोडे, दुरुस्त केलेली बॅटरी सोबत न्यावी. प्रशस्तीपेक्षा वस्तू बोलते.

ग्रामपंचायत सदस्यांना वाटेल, यात आमचे काय काम? शाळेत वाचनालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीची पुस्तके असावीत, हे शिक्षणहक्क अधिनियमाच्या अनुसूचीतच आहे. अनेक ठिकाणी ती पुस्तके कुलपात आहेत; फाटतील म्हणून. पुस्तक फाटले तर फाटू द्यावे, ते वाचून फाटले आहे. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेले सार्वजनिक ग्रंथालय आपल्या गावात असेल तर त्याचे दार शाळा सुटण्याच्या वेळी उघडे राहील एवढे पाहणे सरपंचांना अवघड नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक मंडळाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. ग्रामपंचायतीच्या संगणकावर ते उघडता येतात. मुलाला त्या खुर्चीवर अर्धा तास बसू देण्याचा ठराव करावा लागेल, इतकेच.

गावात इतरही माणसे असतात. निवृत्त पोस्टमास्तर, विहिरीचे पंप दुरुस्त करणारा, नक्षत्रे ओळखणारा मेंढपाळ, हार्मोनियम वाजवणारे भजनी बुवा. हुशार मुलाला वर्गातील शिक्षकाखेरीज आणखी एक मोठे माणूस हवे असते, त्याचे प्रश्न ऐकून न चिडणारे. महिन्यातून एक शनिवार अशा माणसासाठी राखून ठेवला तर धोरणातील ‘विषयवार मंडळ’ आपल्या गावात निघालेच म्हणून समजा.

शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. केंद्राच्या दरमहाच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटे प्रत्येक शाळेने एका मुलाविषयी बोलावे: कोणते मूल इयत्तेच्या पुढे आहे, कशावरून वाटते, त्याला या महिन्यात काय दिले. नाव जाहीर करण्याची गरज नाही, छायाचित्रही नको; आमच्या कार्यालयाला बोलावू नये. ज्या शाळेला सांगण्यासारखे मूल सापडत नाही, त्या शाळेला गटशिक्षणाधिकाऱ्यांनी भेट द्यावी. अशा शाळेत मूल नसते असे नाही. ते दिसलेले नसते.

सभागृहात आज पंधरा-वीस समित्यांचे सभासद आहेत. शाळा विकास आराखड्याचा कोरा नमुना केंद्रप्रमुखांनी बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. चहानंतर त्यातील शेवटचे पान आपण एकत्र बसून भरणार आहोत. ज्या भगिनींना लिहिण्याची सवय नाही त्यांनी सांगावे. लिहून घेण्यासाठी मी आणि आमच्या कार्यालयाचे दोन सहकारी बसलेले आहोत. ज्या गावांतून ऊसतोडीला कुटुंबे जातात तेथील सभासदांनी कृपया प्रथम यावे. त्यांची यादी दिवाळीपूर्वी जायला हवी.